कॉम्प्युटरवरचा फॉर्म ग्रामसभेनेच ठरवावा



आपल्या संघटनेच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. आता वनहक्काचे सगळे दावे त्यात चढवायचे असं मागच्या बैठकीत ठरलं. पण कसे चढवायचे यावर दोन मतं पडली. काही साथी म्हणाले, "हे शिकलेल्या पोरापोरींचं काम आहे, त्यांना करू द्या, त्यात गावाचा वेळ कशाला घालवायचा?" दुसरे म्हणाले, "आधी पटापट भरून टाका, चुका मागून काढू." मला ही दोन्ही मतं पटत नाहीत. का पटत नाहीत ते बैठकीत नीट मांडायला वेळ मिळाला नाही, म्हणून इथे लिहिते.

माझं म्हणणं थोडक्यात असं. कॉम्प्युटरवर फॉर्म बनवताना कोणते रकाने ठेवायचे, कोणता रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कोणत्या रकान्यात कोणती उत्तरं चालतील, हे कोणीतरी ठरवतं. ते ठरलं की कोणाचा हक्क यादीत दिसणार आणि कोणाचा नाही, हेही ठरून जातं. टायपिंग करणाऱ्याने हे एकट्याने ठरवू नये, मग तो आपलाच साथी असला तरी. वनहक्क कायद्याने हक्क ठरवायची सुरुवात ग्रामसभेच्या हातात दिली आहे. मग त्या हक्काची नोंद कशी होणार हेही ग्रामसभेनेच बघायला पाहिजे.

आकडा आणि 'कसं'

१३ फेब्रुवारी २०१९ चा दिवस आठवा. ज्यांचे दावे नामंजूर झाले त्यांना जमिनीवरून हटवा, असा आदेश त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दिला. देशभर आदिवासी गावांत घबराट झाली. लोक रस्त्यावर उतरले. २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने तो आदेश थांबवून ठेवला आणि राज्य सरकारांना सांगितलं, की दावे नामंजूर करताना कोणती पद्धत पाळली ते आधी सांगा.

यातला प्रश्न नीट ऐका. किती दावे नामंजूर केले, एवढंच कोर्टाने विचारलं नाही. कसे नामंजूर केले, हे विचारलं. दावेदाराला कळवलं का? त्याला म्हणणं मांडू दिलं का? कारण लेखी दिलं का? सरकारी तक्त्यात आलेले दावे, मंजूर, नामंजूर, प्रलंबित असे आकडे मांडलेले असतात. आकडा त्यातून निघतो, 'कसं' निघत नाही.

उद्या हाच प्रश्न आपल्याला कोणी विचारला तर आपल्या कॉम्प्युटरमधून काय निघेल? आपणही सरकारसारखाच फॉर्म बनवला तर आपल्याकडूनही नुसता आकडाच निघेल. मग एवढी मेहनत करून आपण सरकारच्या तक्त्याची झेरॉक्सच काढली असं होईल.

रजिस्टर आणि खिडकी

ज्यांनी कॉम्प्युटर जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपण अ‍ॅक्सेस नावाचं सॉफ्टवेअर वापरणार आहोत. ज्यांना फुकट पाहिजे त्यांना लिब्रेऑफिसचं बेस आहे, त्यातही हेच काम होतं. यात मुख्य गोष्टी दोन. पहिली टेबल, म्हणजे रजिस्टर. आडव्या ओळीत एक दावा, उभ्या रकान्यांत नाव, गाव, जमीन. दुसरी गोष्ट फॉर्म. फॉर्म म्हणजे त्या रजिस्टरला केलेली खिडकी. खिडकीतून एका वेळी एकच दावा दिसतो. प्रत्येक माहितीला एक चौकोन असतो. चौकोनात टाइप केलेलं मागच्या रजिस्टरात जाऊन बसतं.

"एक्सेल सोपं आहे, त्यातच करू" असंही काही जण म्हणतात. हिशोबाला एक्सेल चांगलं. पण त्यात नुसता नावांचा रकाना धरून अक्षरांप्रमाणे लावला आणि कॉम्प्युटरच्या प्रश्नाला चुकीचं बटण दाबलं, तर नावं हलतात आणि जमीन जागेवर राहते. एकाची जमीन दुसऱ्याच्या नावावर जाते. आपण आयुष्यभर ज्याच्याशी भांडतो ते एका क्लिकमध्ये घरच्या घरी होऊन बसतं. अ‍ॅक्सेसच्या रजिस्टरात पूर्ण ओळ एकत्र राहते, म्हणून ते बरं.

पण एक मोठा फरक लक्षात ठेवा. कागदाला समास असतो. नमुना-अ भरताना एखादी गोष्ट रकान्यात मावली नाही तर आपण बाजूला लिहितो, मागच्या पानावर लिहितो, वेगळा कागद जोडतो. पडद्याला समास नसतो. जिथे चौकोन नाही ती गोष्ट कॉम्प्युटरसाठी घडलीच नाही. म्हणून चौकोन ठरवायच्या आधी गावाशी बोलायला पाहिजे, नंतर बोलून उपयोग कमी. आता एकेक चौकोन घेऊन बघू.

गाव कोणतं?

फॉर्ममध्ये गावाचं नाव दरवेळी टाइप करावं लागू नये म्हणून यादी देतात. बाण दाबला की नावं खाली उघडतात, त्यातलं एक निवडायचं. हे चांगलं आहे. एकाच गावाचं नाव चार जणांनी चार प्रकारे लिहिलं तर कॉम्प्युटर ती चार गावं समजतो, ते यामुळे टळतं. पण यादी कुठून आणली? महसूल खात्याच्या यादीवरून उतरवली तर त्यात महसुली गावं येतील. वनगाव त्यात नसेल, तर डोंगराच्या पलीकडचा पाडा कुठून असणार? आणि 'यादीतलंच नाव चालेल' असं बंधन घातलं असेल तर त्या पाड्याच्या माणसाला शेजारच्या गावात टाकल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही.

कायदा मात्र असं म्हणत नाही. वनहक्क कायद्यात गाव म्हणजे वनगाव, जुनी वस्ती, मोजणी न झालेलं गाव, हे सगळं धरलं आहे, मग त्याची गाव म्हणून अधिसूचना निघालेली असो नाहीतर नसो. जे कायद्याने मोठं केलं ते आपल्या फॉर्मने छोटं करायचं का? पाड्यांची यादी आपली आपण बनवू. प्रत्येक पाड्याने आपलं नाव आपण जसं म्हणतो तसं सांगावं, आणि सरकारी नाव शेजारच्या चौकोनात जावं.

दोघांचं नाव

नमुना-अ मध्ये पहिल्या नंबरला दावेदाराचं नाव आहे, दुसऱ्या नंबरला पती किंवा पत्नीचं. कायद्याचं कलम ४(४) सांगतं की लग्न झालेलं असेल तर हक्काची नोंद दोघांच्या नावावर संयुक्त, आणि घर एकट्या माणसाच्या डोक्यावर असेल तर त्या एकट्याच्या नावावर. आता फॉर्म बनवणारा काय करतो बघा. 'दावेदाराचे नाव' हा चौकोन वर, मोठा, भरणं सक्तीचं. 'पत्नीचे नाव' खाली कुठेतरी, भरलं तर भरलं. शंभर कागद समोर पडलेले असताना जो चौकोन सोडता येतो तो माणूस सोडतोच. मग यादी छापली की त्यात नुसते पुरुष. शेतात निंदणी, कापणी करणारी, फॉरेस्टवाल्यांनी पीक मोडलं तेव्हा आडवी पडलेली बाई त्या यादीत नाही.

आणि 'पतीचे नाव' सक्तीचं केलं तर? मग विधवा बाईचा, नवऱ्याने टाकलेल्या बाईचा दावा कॉम्प्युटर घेणारच नाही. किंवा टाइप करणारा मेलेल्या नवऱ्याचं नाव टाकून मोकळा होईल, आणि दावा जिवंत बाईचा असून नाव मयताचं लागेल.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. पहिला प्रश्न असा ठेवायचा: दावा कोणाचा? दोघांचा, एकट्या बाईचा, की एकट्या पुरुषाचा? 'दोघांचा' निवडलं तर दोन्ही नावं भरल्याशिवाय पुढे जायचं नाही. दोन्ही चौकोन शेजारी शेजारी, एकाच मापाचे. 'एकट्या बाईचा' निवडलं तर नवऱ्याचं नाव विचारायचंच नाही. अ‍ॅक्सेसमध्ये हे करता येतं. फक्त बनवणाऱ्याला कोणीतरी सांगायला पाहिजे, आणि ते बायकांनीच ग्रामसभेत उठून सांगावं असं मला वाटतं.

जमीन किती?

आपले लोक एकरात बोलतात, गुंठ्यात बोलतात. सरकार हेक्टर-आरमध्ये लिहितं. ४० गुंठ्यांचा एक एकर, १०० आरचा एक हेक्टर, आणि एक हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. फॉर्मवर नुसतं 'क्षेत्र' असा एक चौकोन ठेवला तर कोणी एकर टाकेल, कोणी हेक्टर. ५ एकर म्हणजे साधारण २ हेक्टर. पण एककच लिहिलं नसेल तर बेरीज करताना ते ५ हेक्टर होतात.

आता कोणीतरी हुशारी करून नियम लावतो की ४ पेक्षा मोठा आकडा घेऊ नकोस, कारण कायद्यात वैयक्तिक शेतीच्या हक्काची मर्यादा ४ हेक्टर आहे. ज्याच्या कागदावर ५ एकर आहे त्याचा आकडा कॉम्प्युटर घेत नाही, सारखी पाटी दाखवतो. टाइप करणारा वैतागतो आणि ४ टाकून पुढे जातो. झालं! २ हेक्टरवाल्याचे ४ हेक्टर झाले. उद्या मोजणीला माणूस आला तर म्हणणार, या लोकांनी खोटं लिहिलं. कॉम्प्युटरला गप्प करायला माणूस काहीतरी भरतो, ही गोष्ट कायम ध्यानात ठेवा. जितकी सक्ती जास्त तितका खोटा आकडा जास्त. म्हणून कब्जा किती तो आहे तसा लिहायचा, शेजारी एकर की हेक्टर ते निवडायचं, मर्यादेचा हिशोब मागून करायचा.

अजून एक खड्डा दशांशाचा. १ हेक्टर ५ आर म्हणजे १.०५. घाईत १.५ टाकलं तर ते १ हेक्टर ५० आर होतात. म्हणून हेक्टर आणि आर असे दोन वेगळे चौकोन ठेवलेले बरे.

आणि शून्याचं काय? नंबरच्या चौकोनात कॉम्प्युटर पुष्कळदा आपणहून ० ठेवून देतो. जमीन मोजलीच गेली नसेल आणि चौकोनात ० राहिला, तर छापील यादीत त्या माणसाची जमीन शून्य. मोजली नाही आणि जमीनच नाही, या दोन गोष्टींत जीवन-मरणाचा फरक आहे. तो ० काढून टाकता येतो. चौकोन कोरा ठेवायचा आणि 'मोजणी झाली नाही' असं वेगळं खूण करायचं घर द्यायचं.

तारीख आणि वय

वनहक्काच्या लढाईत सगळ्यात मोठी तारीख म्हणजे १३ डिसेंबर २००५. त्या दिवशी जमीन ताब्यात होती का, यावर सगळं अवलंबून. आपण दिवस आधी लिहितो, महिना नंतर. कॉम्प्युटर बरेचदा अमेरिकेच्या पद्धतीने लावलेला येतो, तिथे महिना आधी. तशा कॉम्प्युटरमध्ये १३/१२/२००५ टाकलं तर तो बरोबर समजतो, कारण तेरावा महिना नसतो. पण ५/१२/२००५ टाकलं तर तो ५ डिसेंबर न समजता १२ मे समजतो, आणि गप्प बसतो. चूक दाखवतच नाही. काही तारखा बरोबर, काही उलट्या, आणि कोणती कोणती ते नंतर ओळखता येत नाही. म्हणून फॉर्मवर महिना अक्षरात दिसेल अशी मांडणी पाहिजे. वाचणाऱ्याला 'मे' दिसला की तो लगेच म्हणेल, अरे ही तर डिसेंबरची पावती.

जन्मतारखेचंही तसंच. आपल्या म्हाताऱ्या माणसांना जन्मतारीख माहीत नसते. शाळेत घातलेल्या पोरांना मास्तरांनी १ जून लावून दिली, ती वेगळी गोष्ट. फॉर्मने जन्मतारीख सक्तीची केली तर सगळे म्हातारे एकाच दिवशी जन्मलेले निघतील आणि कोणीही हसून आपले कागद बाजूला टाकेल. वय अंदाजे विचारा, आणि एक मोठा चौकोन ठेवा, आठवण काय सांगते त्याचा. "बहात्तरच्या दुष्काळात मी नांगर धरायला लागलो होतो," असं एखादा आजा सांगतो. ते वाक्य जसंच्या तसं जाऊ द्या. ते कुठल्याही खोट्या तारखेपेक्षा वजनदार आहे.

पुरावा एक नसतो

कायद्याच्या नियमांत पुराव्यांची लांब यादी आहे. मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती हे तर आहेच. त्याशिवाय सरकारी नोंदी, कोर्टाचे कागद, जमिनीवरच्या खुणा म्हणजे घर, झोपडी, सपाट केलेलं शेत, बांध, वंशावळ, आणि दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब. फॉरेस्टने शेतावर केलेल्या दंडाची पावती आपल्यातल्या कित्येकांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली आहे. ज्या कागदाने तेव्हा गुन्हेगार ठरवलं तोच कागद आज सांगतो की त्या साली हा माणूस या जमिनीवर होता.

पण फॉर्ममध्ये 'पुरावा' असा एकच चौकोन असला तर एकच जाईल. टाइप करणाऱ्याला जो सरकारी शिक्क्याचा दिसेल तो जाईल, आणि आजीचा जबाब राहून जाईल. नियम तर एकापेक्षा जास्त पुरावे मागतात. अ‍ॅक्सेसमध्ये यासाठी फॉर्मच्या आत दुसरा छोटा फॉर्म बसवता येतो. त्याला सबफॉर्म म्हणतात. वर एक दावा, खाली त्याच दाव्याचे पुरावे, दोन असोत की दहा, ओळीखाली ओळ वाढत जाते. प्रत्येक ओळीत पुरावा कोणता, कोणत्या सालचा, आणि मूळ कागद कोणाच्या घरी आहे ते लिहायचं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. कागद कॉम्प्युटरमध्ये नसतो, पेटीतच असतो.

नामंजूर का?

आता मूळ मुद्द्यावर येते. नामंजुरीचं कारण लिहायला फॉर्म बनवणारा यादी देतो: पुरावा अपुरा, अतिक्रमण नंतरचं, वनजमीन नाही, इतर. पत्रात काहीही लिहिलेलं असो, ते या चारांत कोंबायचं. जे बसत नाही ते 'इतर'. शेवटी 'इतर'चाच ढीग सगळ्यात मोठा होतो आणि त्यातून कोणालाच काही कळत नाही.

माझं मत असं आहे की इथे आधी पत्रातले शब्द जसेच्या तसे उतरवायचे, मोठ्या चौकोनात. मग खाली यादी. आणि त्या यादीत दोन नावं नक्की पाहिजेत: 'कारण दिलेलं नाही' आणि 'पत्रच मिळालेलं नाही'. तारखाही दोन पाहिजेत, पत्रावरची तारीख आणि पत्र हातात पडल्याची तारीख. अपिलासाठी कायद्यात ६० दिवस दिले आहेत. पत्र खालच्या ऑफिसात पडून राहिलं आणि मुदत संपल्यावर माणसाच्या हातात आलं, हे दोन तारखा असल्या तरच दाखवता येतं.

एवढं केलं की बघा काय होतं. कॉम्प्युटरला सांगायचं, ज्यांना पत्रच मिळालं नाही त्यांची यादी दे. क्षणात यादी, पाड्यासकट. किंवा ज्यांच्या पत्रात 'उपग्रह' हा शब्द आहे ते दाखव. २०१२ च्या दुरुस्तीनंतर नियम स्पष्ट आहे की उपग्रहाचं चित्र बाकी पुराव्याला जोड म्हणून आहे, त्याच्या जागी नाही. ज्यांचा दावा नुसत्या त्या चित्रावर उडवला ते सगळे एका कागदावर आले तर अपील एकट्या-दुकट्याचं राहत नाही. कोर्टाने विचारलेल्या 'कसं'चं उत्तर हेच आहे. कॉम्प्युटरचा खरा उपयोग मला इथे दिसतो.

भरताना सांभाळायच्या गोष्टी

पहिली. आपल्याकडे एका नावाची, एका आडनावाची माणसं एकेका पाड्यात चार-पाच निघतात. म्हणून नावावरून दावा ओळखायचा नाही. प्रत्येक दाव्याला कॉम्प्युटर स्वतःहून नंबर देतो, तो नंबर कागदावरही लिहायचा.

दुसरी. अ‍ॅक्सेसचा फॉर्म उघडला की बहुधा पहिल्याच दाव्यावर उघडतो. नवशिक्या माणसाला वाटतं हा नवीन फॉर्म आहे, आणि तो त्यावरच टाइप करायला लागतो. पुढच्या दाव्यावर गेलं की अ‍ॅक्सेस ते आपोआप साठवतं, विचारत नाही. पहिल्या दावेदाराचं नाव गेलं! म्हणून भरायचा फॉर्म कोराच उघडेल असं लावून ठेवायचं, आणि जुना दावा बघायचा फॉर्म वेगळा, ज्यात बदल करता येत नाही.

तिसरी. सगळ्यांनी युनिकोड मराठीतच टाइप करायचं. जुन्या फॉन्टात एकाने आणि युनिकोडमध्ये दुसऱ्याने लिहिलं तर डोळ्यांना नाव एकच दिसतं, पण शोधलं तर सापडत नाही.

चौथी. दर बाजाराच्या दिवशी एक कॉपी पेनड्राइव्हवर काढून दुसऱ्या गावात ठेवायची. वीज, उंदीर आणि धाड, तिन्हीचा भरवसा नाही.

पाचवी गोष्ट जरा वेगळी. सगळंच भरायचं नसतं. कोणावर कोणती केस आहे, मोर्चाला कोण कोण होतं, कोणाच्या घरी बैठक झाली, हे दाव्याला लागत नाही. जे लागत नाही त्याला चौकोन ठेवायचा नाही. चौकोन असला की कोणीतरी तो भरतो, आणि भरलेली यादी कोणाच्या हातात जाईल ते आपल्या हातात राहत नाही. दंडाची पावती पुरावा म्हणून आली तर तेवढीच नोंद, पुढे काही नाही.

"वेळ कशाला?" म्हणणाऱ्या साथींना

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं ग्रामसभेत कधी बोलायचं? पेरणी आहे, मजुरी आहे, पोरं गुजरातला ऊसतोडीला जातात. खरं आहे. पण कागद भरताना आपण घाई केली, कोणीतरी बाहेरचा येऊन भरून गेला, तिथे काय झालं ते प्रत्येक गावाला माहीत आहे. "मागून दुरुस्त करू" हे मागून कधी येत नाही. शिवाय कॉम्प्युटरमधून छापून निघालं की चूकसुद्धा खरी वाटायला लागते. हाताने लिहिलेल्या कागदावर लोक शंका घेतात, छापील यादीपुढे आपलाच माणूस गप्प बसतो.

आणि "शिकलेल्यांना करू द्या" म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. मी बारावी झाले आहे, टाइप करू शकते, फॉर्मही बनवायला शिकते आहे. पण कोणाच्या शेतात कोणता बांध कोणत्या साली पडला, हे मला माहीत नाही, ते गावाला माहीत आहे. मशीन चालवणं माझ्याकडे असू दे. काय विचारायचं ते गावाने ठरवावं.

म्हणून पुढच्या बैठकीत मी पाच ठराव मांडणार आहे. एक, कॉम्प्युटरवर काही भरायच्या आधी फॉर्म कोरा छापून प्रत्येक पाड्यात वाचून दाखवायचा, आणि गावाने सांगितलेले चौकोन वाढवायचे, नको ते काढायचे. दोन, पहिल्यांदा एकाच पाड्याचे दावे भरून बघायचे, अडचणी काढायच्या, मगच पुढे जायचं. तीन, भरताना दोघांनी बसायचं, एकाने कागद वाचायचा, एकाने टाइप करायचं, आणि त्यात वनहक्क समितीचं एक माणूस. चार, भरून झालं की पाड्याची यादी मोठ्या अक्षरात छापून ग्रामसभेत मोठ्याने वाचायची. सात-बाराचं चावडी वाचन होतं तसं आपल्या दाव्यांचं वाचन. ज्याचं चुकलं त्याने तिथेच बोलायचं, दुरुस्ती लिहून घ्यायची, ग्रामसभेची सही-अंगठा झाल्यावरच ती यादी पक्की. पाच, यादीची एक प्रत कायम गावात राहील, ऑफिसातच नाही.

यातल्या चौथ्या ठरावासाठी तर मी भांडणार आहे. कॉम्प्युटर मुका आहे, त्याच्या पोटात काय आहे ते गावासमोर बोललं गेलं पाहिजे. तुमच्या पाड्यात यावर चर्चा करा, आणि तुम्हाला अजून कोणता चौकोन पाहिजे ते बैठकीला येताना लिहून आणा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा. मी लिहून घेईन.

जिंदाबाद!